कुवेतच्या वाळवंटातले हे काटेरी झुडूप कोणते? फूल मात्र अळसांद्यासारखे

सडाफुली (३ जून, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मी डिचोलीची. यजमान कुवेतला पाण्याच्या पाइपलाइनच्या कामावर आहेत. मुलगी आठवीत आहे आणि आम्ही दोघी मिळून रानफुलांची एक वही करतो. सड्यावरची (म्हणजे कातळाच्या पठारावरची), बांधावरची, व्हाळाच्या काठची फुले तिच्यात आहेत. बाबा घरी नाहीत म्हणून त्यांचा वाटा राहू नये, असे तिनेच ठरवले. दर शुक्रवारी त्यांना सुट्टी असते. त्या दिवशी ते तिकडच्या एका झाडाचा फोटो पाठवतात आणि ते झाड कोणते, हे आम्ही इथे शोधतो. आजवर सात झाली, सातही नावे मिळाली. आठवे अडले आहे.

फोटो जोडला आहे. जागा कुवेतच्या दक्षिणेची, वफ्रा म्हणतात तिथली. शेतांच्या पलीकडची मोकळी वाळू. झुडूप गुडघ्याएवढे, हिरवेगार आणि काट्यांनी भरलेले. आजूबाजूला बाकी सगळे वाळून पिवळे पडले आहे. फूल लहान, नखाएवढे, गुलाबी-जांभळे. त्याची घडण पाहून मुलगी लगेच म्हणाली, "आई, हे अळसांद्याचे फूल!" मलाही तसेच वाटले. मागे एक उभी पाकळी, दोन बाजूंना दोन, आणि खाली होडीसारखे काहीतरी. पण अळसांद्याला, म्हणजे आमच्याकडच्या चवळीला, काटे कुठे असतात?

कोणी ओळखेल का?

नवखी१२ (३ जून, रात्री १०.०५)

ताई, मी फोटो मोबाइलवरच्या झाडे ओळखणाऱ्या अॅपमध्ये टाकून पाहिला. पहिले नाव आले अॅस्ट्रागॅलस, दुसरे अल्हागी, तिसरे फॅगोनिया. तिन्ही काटेरी आहेत. मी म्हापशाला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण वाळवंटातल्या झाडांबद्दल आम्हाला फारसे काही नाही. पहिले नाव आले म्हणजे तेच बरोबर, असे समजू का?

मस्कतवाला (३ जून, रात्री १०.३०)

मी ओमानात अकरा वर्षे आहे, मूळचा काणकोणचा. इथल्या वाद्यांमध्ये, म्हणजे कोरड्या नदीपात्रांत, जांभळ्या फुलांचे एक झुडूप जिकडेतिकडे असते. ते आपल्याकडच्या उन्हाळी नावाच्या रानरोपाचे भावंड आहे, टेफ्रोसिया अपोलिनिया. पाने चंदेरी, मधोमध घडी घातल्यासारखी. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून बाकीचे सगळे खाऊन झाले तरी ते तसेच उभे असते. फुलाच्या रंगावरून मला तेच वाटते आहे.

पोरसातली (४ जून, सकाळी ६.५०)

बाय, हा धमासा गो. माझे माहेर सोलापूरकडचे. तिथे माळावर असाच काटेरी पसरलेला असतो आणि फूलही असेच गुलाबी. माझी आजी त्याचा काढा उन्हाळ्यात द्यायची. लग्न होऊन सत्तरी तालुक्यात आले त्याला पंचेचाळीस वर्षे झाली, तेव्हापासून तो पाहिला नाही. फोटो पाहून माहेर आठवले.

तिसवाडीकर (४ जून, सकाळी ८.१५)

सडाफुलीताई, तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. फूल पाहून तिने कुळापर्यंत बरोबर मजल मारली आहे. मी बत्तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. उभी मोठी पाकळी ती ध्वजक, बाजूच्या दोन ते पंख, आणि खालच्या दोन जोडल्या जाऊन झालेली होडी ते नौतल. असे फूल म्हणजे पतंगरूप फूल. अळसांदे, गोकर्ण, पळस, पांगारा, करंज, खुळखुळा, सगळ्यांचे फूल याच साच्याचे. ते शेंगावाल्यांचे, शिंबावंत कुळ. वाळवंटातसुद्धा हा साचा बदलत नाही. म्हणून अनोळखी मुलखात पहिले पाऊल नेहमी फुलाच्या घडणीवर टाकावे, रंगावर नाही. रंग फसवतो.

पोरसातलीकाकी, तुमच्या आठवणीला धक्का लावायला मन होत नाही, पण हा धमासा, म्हणजे नवखीचे तिसरे नाव फॅगोनिया, नव्हे. धमाशाच्या फुलाला पाच पाकळ्या असतात आणि पाचही सारख्या, सुट्या, चांदणीसारख्या पसरलेल्या. ध्वजक नाही, होडी नाही. तो गोखरूच्या कुळातला. त्याचे फळही शेंग नसते, पाच कोनांचे लहान बोंड असते.

मस्कतवाले, उन्हाळीच्या भावंडाची पाने संयुक्त असतात, एका दांड्यावर अनेक पर्णिका. आणि काटे मुळीच नाहीत. या फोटोत काटा हीच मुख्य गोष्ट आहे.

राहता राहिली नवखीची पहिली दोन नावे. या फोटोवरून मी दोन्हींपैकी एकही ठामपणे सांगणार नाही. फोटो सुंदर आहे, पण दुरून काढलेला आहे. तुमच्या यजमानांना पुढच्या शुक्रवारी एवढे करायला सांगा: काटा जिथून फुटतो त्या पेराचा अगदी जवळून फोटो, एक सुटे पान हातावर ठेवून, फूल बाजूने, आणि शेंग असेल तर शेंग. जवळ आगपेटीची काडी ठेवावी, म्हणजे आकार कळेल. झाड उपटू नये.

नवखी१२ (४ जून, सकाळी ९.००)

सर, काटा कुठून फुटतो यावरून काय कळते?

तिसवाडीकर (४ जून, सकाळी ९.५०)

बरे विचारलेत. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ओळख पटवण्याचा सगळा भार इथेच आहे.

काटा नावाचा वेगळा अवयव झाडाला नसतो. कशाचा तरी काटा झालेला असतो. करवंदाच्या जाळीत जाऊन पाहा. त्याचा काटा म्हणजे फांदी आहे, वाढ थांबून टणक टोकदार झालेली. बोरीचा काटा फांदी नव्हे. बोरीच्या पानाच्या देठाशी जी दोन लहान उपपर्णे असायला हवीत, त्यांचे काटे झालेले असतात, म्हणून ते पानाच्या बुंध्याशी मिळतात. बाभळीचेही तसेच, जोडीने.

आता आपली तीन नावे घ्या. धमाशाचा काटा उपपर्णाचा, बोरीसारखा. काटेरी अॅस्ट्रागॅलसचा काटा म्हणजे संयुक्त पानाचा मधला दांडा. पर्णिका गळून जातात आणि दांडा वाळून टोकदार होऊन मागे राहतो. त्यामुळे त्या झुडपावर काही दांड्यांना पर्णिका लागलेल्या दिसतात आणि काही नुसतेच काटे. आणि अल्हागीचा काटा ही फांदी. पानाच्या बगलेतून फुटते ती फांदी, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा काट्याच्या बुडाशी खाली एक साधे, एकेरी पान असेल, तर तो काटा फांदीचा.

त्याहून मोठी खूण अशी: फांदीवर फूल येऊ शकते. अल्हागीचे फूल येते ते काट्याच्याच अंगावर, एकाच काट्यावर दोन-चार तरी. उपपर्णाच्या काट्यावर किंवा पानाच्या दांड्यावर फूल कधीच येणार नाही. ताईंच्या फोटोत मला फुले काट्यांवर बसल्यासारखी भासतात. पण भासणे आणि दिसणे यांत फरक आहे, म्हणून जवळचा फोटो हवा.

सडाफुली (४ जून, दुपारी १.२०)

सर, देव बरे करो. हे वाचून मुलगी परसात गेली आणि लिंबाचे, बोरीचे, बोगनवेलीचे काटे तोडून आणून वहीवर ठेवले आहेत. यजमानांना निरोप दिला. शुक्रवारपर्यंत थांबावे लागेल, रोजचे काम पहाटे साडेचारला सुरू होते. दुपारी बाहेर काम करायला तिकडे उन्हाळ्यात बंदीच असते.

थारची वाट (४ जून, रात्री ८.४५)

मी पेडण्याचा, पण नोकरीमुळे सहा वर्षे बिकानेरला काढली. हा फोटो पाहून मला दुसरे काही सुचूच शकत नाही. हा जवासा आहे. सरांचे अल्हागी ते हेच. पंजाब, हरियाणा, राजस्थान, गुजरातचा कोरडा भाग, सगळीकडे आहे. उत्तर प्रदेशातही नद्यांच्या कोरड्या पात्रांत वाढतो.

तिकडे गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मला हे झुडूप खोटेच वाटले होते. मे महिना, लू सुटलेली, शेतात गवताची काडी हिरवी नाही आणि मधेच हे एक हिरवेकंच. आपल्याकडे मेमध्ये सडा करपतो आणि मृगाचा पाऊस पडला की हिरवा होतो. जवाश्याचे उलटे. तिथले लोक सांगतात की पावसाचे पाणी लागले की जवासा पाने टाकतो. मी स्वतः पाहिले आहे: जुलैत दोन चांगल्या सरी झाल्या आणि आमच्या क्वार्टरमागचा जवासा महिनाभरात काटक्या होऊन बसला. सगळे रान हिरवे होत असताना हा एकटा उघडा.

उंट तो काट्यांसकट खातात. इंग्रजीत त्याचे नावच उंटकाटा अशा अर्थाचे आहे. पूर्वी उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या टट्ट्या लावून त्यावर पाणी मारत. वाळा महाग पडे तिथे जवाश्याच्या फांद्यांच्या टट्ट्या करत, असे माझ्या घरमालकाच्या वडिलांनी सांगितले होते.

पोरसातली (५ जून, सकाळी ७.१०)

सर, तुम्ही सांगितले ते पटले. माझ्या आजीच्या झाडाचे फूल चांदणीसारखेच होते. डोळे मिटले की आता नीट दिसते. पण मग जवासा आणि धमासा अशी जोडनावे का? आजी काढ्याची पुडी आणायची, त्यावर "दुरालभा" लिहिलेले असे. ते कोणते?

वैद्य_फोंडा (५ जून, सकाळी ११.३०)

काकींचा प्रश्न माझ्या वाट्याचा आहे. संस्कृतात यवास म्हणजे जवासा आणि धन्वयास म्हणजे धमासा. धन्व म्हणजे मरुभूमी. दुरालभा म्हणजे हात लावायला कठीण, काट्यांमुळे. हे नाव काहींनी धमाशाला दिले, काहींनी जवाश्याला. ग्रंथांत गुण जवळजवळचे सांगितल्यामुळे बाजारातही एकाच्या जागी दुसरा जातो. एक शेंगावाला, दुसरा गोखरूच्या कुळातला, आणि पुडीत दोघे एक. वनस्पतीची ओळख पटवल्याशिवाय औषध घेऊ नये असे आम्ही सांगतो ते अशाच नावांमुळे.

अलीकडे धमाशाच्या नावाने मोठमोठ्या रोगांवर खात्रीचा उपाय म्हणून निरोप फिरतात. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. चालू उपचार सोडून दोन महिने त्या हीच पुडी घेत होत्या. पुडीत होते काय हे मलाही वरून सांगता आले नाही, कारण चुरा होता. कृपा करून कोणीही असे करू नये. कुवेतहून या झाडाच्या फांद्या औषधासाठी मागवू नयेत.

जवाश्याची एक गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. त्याच्यावर साखर जमते. इराण-अफगाणिस्तानाकडे कडक उन्हाळ्यात या झुडपाच्या फांद्यांतून गोड रस पाझरतो आणि वाळून त्याचे बारीक दाणे होतात. खाली कापड पसरून झुडूप झोडपतात आणि दाणे गोळा करतात. आमच्याकडे ती यवासशर्करा, युनानीत तरंजबीन. सौम्य रेचक म्हणून वापर. हिंदुस्थानात ती तिकडूनच येत असे.

तिसवाडीकर (५ जून, दुपारी ४.०५)

वैद्यबुवांनी तरंजबीनचे नाव काढले म्हणून राहवत नाही. फारसीत तर म्हणजे ओले आणि अंगबीन म्हणजे मध.

आपल्या गोव्याचा या साखरेशी फार जुना संबंध आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये इथे आला आणि मरेपर्यंत, म्हणजे १५६८ पर्यंत, इथेच राहिला. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला त्याचेच नाव आहे. हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात या गोड द्रव्यावर, मान्नावर, एक संवाद आहे. त्याचे प्रकार सांगताना काटेरी झाडांत सापडणाऱ्या एका प्रकाराचे नाव तो देतो, आणि ते नाव म्हणजे तरंजबीनचेच पोर्तुगीज कानाने ऐकलेले रूप. माल इराणकडून जहाजाने येई. म्हणजे हे झुडूप गोव्यात कधी उगवले नाही, पण त्याची साखर साडेचारशे वर्षांपूर्वी इथल्या बाजारात हातात घेऊन पाहिली गेली होती. ताई, हे तुमच्या वहीत जरूर लिहा.

सडाफुली (५ जून, रात्री ९.१५)

सर, त्या बागेत आम्ही दर वेळी पणजीला गेलो की बसतो. नाव वाचले होते, माणूस माहीत नव्हता.

नवखी१२ (६ जून, सकाळी १०.२०)

एक विचारू का? ताईंच्या यजमानांनी थोडे बी आणले तर आमच्या कॉलेजच्या बागेत लावून पाहता येईल का? वाळवंटातले झाड गोव्यात कसे वागते ते कळेल.

तिसवाडीकर (६ जून, दुपारी १२.००)

नाही. उत्साह समजतो, पण नाही.

परदेशातून बी असे खिशात घालून आणता येत नाही, त्याला वनस्पती संगरोधाचे नियम आहेत. आणि नियम नसते तरी मी नाहीच म्हटले असते. हेच झुडूप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या कॅलिफोर्निया-अॅरिझोनाकडे गेले. कोणी मुद्दाम नेले नव्हते. लसूणघासाच्या बियाण्यात त्याचे बी मिसळले होते, आणि खजुराची रोपे ज्या उंटाच्या लेंड्यांत बांधून पाठवली त्यांतूनही गेले असे मानतात. आज तिथे त्याला उपद्रवी तण म्हणून उपटतात, आणि ते उपटून जात नाही. आडव्या मुळांवरून नवे कोंब येतात. नांगर फिरवला की तुकडे होतात आणि तुकड्यांतून पुन्हा झुडपे.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कुवेतला शंभर-सव्वाशे. जवासा इथे बहुधा कुजेलच. पण "बहुधा"वर विसंबून परके झाड आणू नये. आपल्या सड्यांवर आणि खाणींच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावला गेला. तोही शेंगावाल्यांच्याच कुळातला. त्याच्या सावलीत आणि पानांच्या थराखाली आपली किती सडाफुले गेली, हे माझ्या वयाच्या माणसाला विचारा. कुडका-बांबोळीच्या बाजूला मी कवल्याच्या फुलांची पिवळी चादर पाहिली आहे. श्रावणात मुलांना घेऊन जात असे.

तुम्हाला अभ्यासच करायचा असेल तर उन्हाळी घ्या. ती आपली आहे, रस्त्याकडेला आहे. तिची पर्णिका दोन्ही हातांनी ओढून तोडा. सरळ फाटत नाही, बाणाच्या पिसाऱ्यासारखी तिरकी तुटते. शरपुंखा हे नाव त्यावरूनच.

नवखी१२ (६ जून, संध्याकाळी ६.३०)

सर, आत्ताच घराजवळ तोडून पाहिली. खरेच तशीच तुटली. सहा वेळा तोडली, सहाही वेळा.

पोरसातली (६ जून, संध्याकाळी ७.४०)

आमच्याकडे चवथीला गणपतीवर टांगतात त्या माटोळीत घागऱ्या बांधतात, खुळखुळ्याच्या शेंगा. तेही याच कुळातले का, सर? वाळल्या की आत बिया वाजतात.

तिसवाडीकर (६ जून, रात्री ८.१०)

होय काकी, याच कुळातले. फूल पिवळे, पण ध्वजक-पंख-होडी तीच.

सडाफुली (१० जून, रात्री १०.५०)

मंडळी, आज शुक्रवार. फोटो आले. पाच आहेत, सगळे जोडले आहेत. यजमान पहाटे सूर्य वर यायच्या आत गेले होते, कारण साडेसातनंतर तिथे उभे राहवत नाही असे म्हणाले. (२०१६ च्या २१ जुलैला कुवेतच्या मित्रिबा केंद्रावर ५३.९ अंश नोंदले गेले होते. कामगारांच्या खोल्यांत तो दिवस अजून सांगतात.)

पहिला फोटो पेराचा. काट्याच्या बुडाशी खाली एक पान आहे. एकच. साधे, लांबट, आगपेटीच्या काडीच्या निम्म्याहून कमी. दुसऱ्यात काटा आणि काट्यावर तीन फुले, एक उमललेले, दोन कळ्या. भासत नाही सर, दिसते आहे. मुलीने भिंगाखाली मोबाइल धरून मोजले.

शेंग अजून नाही.

आता पाचव्या फोटोबद्दल. तो झाडाचा नाही. पाइपसाठी खोदलेल्या चराची भिंत आहे. त्याच माळावर चर चालू आहे आणि त्याच्या काठावर या झुडपाची दोन-तीन रोपे आहेत. यजमान खाली उतरले तेव्हा त्यांना भिंतीत एक मूळ दिसले, अंगठ्याएवढे जाड. ते वरून खाली सरळ गेलेले. चर साडेतीन मीटर खोल आहे. मूळ चराच्या तळाशी पोचले तरी संपलेले नाही, तसेच खाली गेले आहे. वरचे झुडूप त्यांच्या गुडघ्यालाही पुरत नाही.

त्यांनी फोनवर सांगितले, "मी रोज इथे पाणी आणायला पाइप टाकतो, आणि हे झुडूप आपल्यापुरती पाइप टाकून बसले आहे." इतकी वर्षे तिकडे राहून हे झाड त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. पाहिले होते, पण काटे म्हणून बाजूला सारले होते. तेवढा वेळ ते झाडाबद्दलच बोलत होते. एरवी पगार, शाळेची फी आणि आईच्या गोळ्या यांतच फोन संपतो.

थारची वाट (१० जून, रात्री ११.२०)

ताई, पाचवा फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. जवाश्याचे मूळ भूजलापर्यंत जाते हे मी नुसते ऐकून होतो. विहीर खणणाऱ्यांकडून बिकानेरला ऐकले होते की खणताना कित्येक हातांवर मुळे लागतात. उन्हाळ्यात हिरवा का राहतो याचे उत्तर त्या चराच्या भिंतीत आहे. पाऊस त्याला नकोच, तो खालचे पाणी पितो.

तिसवाडीकर (११ जून, सकाळी ७.३०)

साधे एकेरी पान. पानाच्या बगलेत काटा. काट्यावर पतंगरूप फुले. अल्हागी, म्हणजे जवासा. अॅस्ट्रागॅलस बाद झाला, कारण त्याचे पान संयुक्त असते. नवखी, तुमच्या अॅपने दुसऱ्या क्रमांकावर बरोबर नाव दिले होते. पण ते का बरोबर हे अॅपने सांगितले नाही, काट्याने सांगितले.

अल्हागी हे नाव अरबीतून आले. लिनियसने १७५३ मध्ये हे झाड हेडिसारम अल्हागी म्हणून नोंदवले. पुढे मेडिकसने १७८७ मध्ये अल्हागी मॉरोरम हे नाव दिले, म्हणजे मूर लोकांचा. भारतातल्या जवाश्याला आज बहुधा हेच नाव लावतात. कुवेत आणि अरबस्तानातल्या झाडाला अल्हागी ग्रीकोरम म्हणतात, ग्रीकांचा. काही अभ्यासक दोन्ही एकच मानतात. वेगळे मानणाऱ्यांची खूण कोवळ्या फांदीवरची लव. यजमानांना विचाराल का, कोवळी फांदी बोटाला मऊ लागते की गुळगुळीत?

मस्कतवाला (११ जून, सकाळी ९.४५)

मी चुकलो होतो, मान्य. मी नुसता रंग पाहिला. आमच्या कंपनीतल्या इराकी फोरमनला फोटो दाखवला. पाहताक्षणी म्हणाला, "आकूल." त्यांच्याकडे कालव्याकाठी आणि पडीक शेतांत पुष्कळ असतो. उंट खातात, हेही त्यानेच सांगितले.

सडाफुली (१७ जून, रात्री ९.३०)

दोन गोष्टी. कोवळ्या फांदीवर बारीक लव आहे. यजमानांनी बोट फिरवले आणि उन्हाकडे धरूनही पाहिले.

दुसरी गोष्ट, शेंगा धरल्या! अजून हिरव्या आहेत, बोटाच्या दोन पेरांएवढ्या. मधेमधे आवळलेल्या, माळेतल्या मण्यांसारख्या. एकीत चार मणी, एकीत दोनच. एक शेंग दाबून पाहिली तर फुटत नाही.

तिथे मेंढ्या घेऊन फिरणारा एक माणूस आहे, राजस्थानातला, नागौरकडचा. यजमान वाकून फोटो काढत होते म्हणून तो जवळ आला. यांनी नाव विचारले, तर म्हणाला "जवासो". गावाकडे आहे म्हणाला. आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

तिसवाडीकर (१७ जून, रात्री १०.०५)

स्थानिक नाव पुरावा म्हणून शेवटी धरावे, कारण नावे एका झाडावरून दुसऱ्यावर उडी मारतात. जवासा-धमाशाचे आपण पाहिलेच. पण इथे फूल, पान, काटा, शेंग सगळे आधी जुळले आहे, आणि मग नाव आले. मण्यांसारखी आवळलेली, आपोआप न उकलणारी शेंग ही अल्हागीचीच. वहीत नोंद करायला हरकत नाही. लव आहे तर ग्रीकोरम लिहा.

सडाफुली (१८ जून, सकाळी ८.४०)

मुलीने काल रात्रीच नोंद केली. तिच्या अक्षरातली तशीच उतरवते:

"क्रमांक ८. जवासा. अल्हागी ग्रीकोरम. शिंबावंत कुळ. वफ्रा, कुवेत. वाळू. उंची बाबांच्या गुडघ्याखाली. पान साधे, एकेरी. काटा = फांदी. फुले काट्यावर, गुलाबी-जांभळी, ध्वजक १, पंख २, होडी १. शेंग मण्यांची, १७ जूनला हिरवी. मूळ साडेतीन मीटरच्या खाली, शेवट दिसला नाही. तिकडचे नाव आकूल. साखर तरंजबीन, गोव्याला आली होती, झाड आले नाही. धमासा नव्हे (काकीआजीला सांगितले)."

पोरसातली (१८ जून, सकाळी ९.०५)

शाबास गो बाय. धमाशाचे पानही वहीत राहू दे एखादे. दिवाळीला भाचा सोलापूरहून येणार आहे, त्याला फोटो काढून आणायला सांगते. बी नाही, फोटोच.

तिसवाडीकर (१८ जून, सकाळी ९.२०)

नोंद उत्तम. फक्त फांदीवरची लव लिहायची राहिली.

सडाफुली (१८ जून, सकाळी ९.३१)

लिहिली सर.